केशरी लघवी की कावीळ?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाला कावीळ झाल्याचं कळलं की तासाभरात दोन गोष्टी दारात येतात: रसवंतीतून भरून आणलेला उसाचा रस आणि 'माळ घालणाऱ्या' कुणाचा तरी पत्ता. सासूबाईंच्या वेळी दोन्ही आलं. फक्त त्यांना कावीळ नव्हती.

गुडघा बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात जखम पाझरायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा उघडून आतून धुतली, मधला प्लास्टिकचा भाग बदलला. तपासणीत स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू निघाला. आधी सलाइनमधून इंजेक्शनं, मग रिफाम्पिसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनची जोडी, एकूण सहा महिने. (खुब्याला साधारण तीन, गुडघ्याला सहा, असा ढोबळ प्रघात आहे.) रिफाम्पिसिन टीबीचं औषध म्हणूनच ओळखीचं, त्यामुळे औषधाच्या दुकानातल्या मुलानं हळूच विचारलं, "टीबी आहे का आजींना?" नव्हता. धातूच्या सांध्यावर जंतू चिकट थर करून बसतात आणि बाकीची बरीच औषधं त्या थरापाशी हात टेकतात. रिफाम्पिसिन तिथेही काम करतं, म्हणून ते दिलं होतं.

त्याच संध्याकाळी कमोडमध्ये गाजराच्या रसाचा रंग दिसला.

यात घाबरण्यासारखं काही नाही. रिफाम्पिसिनची पूड मुळातच विटकरी लाल असते आणि शरीराबाहेर पडताना ती आपला रंग घेऊनच पडते. लघवीत, घामात, थुंकीत, डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा. सासूबाईंच्या पांढऱ्या रुमालावर केशरी डाग पडायचे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तर कायमच्या रंगतात. गोळी घेतल्यावर काही तासांत रंग गडद होतो, पुढच्या गोळीपर्यंत फिकटतो. माणूस मात्र जेवतो, भांडतो, मालिका बघतो.

कावीळ माणसालाच पाडते. तिचा रंग गोळीचा नसतो, यकृताला बाहेर टाकता न आलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा असतो. लघवी केशरी नव्हे, काळ्या चहासारखी होते आणि गोळीच्या वेळेशी तिचं काही देणंघेणं नसतं. अन्नाचा वास नकोसा होतो, मळमळतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, कधी अंगाला खाज सुटते, कधी शौचाचा रंग पांढुरका, मातकट होतो. खरी खूण डोळ्यात. सकाळी खिडकीशी उभं करायचं, खालची पापणी हलकेच ओढायची आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघायचा. ट्यूबलाइटखाली नाही, तिथे सगळेच आजारी दिसतात.

इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढे आहे. लघवी रंगवणारं हेच औषध यकृतालाही इजा करू शकतं. म्हणजे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि 'लघवी केशरी होतेच' हे पाठ झालेल्या घरात खरी कावीळ आठवडाभर त्या रंगाआड लपते. मला या बेफिकिरीची भीती जास्त वाटते. म्हणून डॉक्टर यकृताची रक्ततपासणी सांगतात तेव्हा ती टाळू नये. सुरुवातीच्या दिवसांत नुसतं बिलिरुबिन किंचित वाढलेलं दिसू शकतं, कारण यकृतातून बाहेर पडायला औषध आणि बिलिरुबिन एकाच दारात रेटारेटी करतात. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) कितीपट झालं आणि त्रास आहे का, ते पाहून डॉक्टर ठरवतात. पण डोळे पिवळे दिसले किंवा अन्न जाईना, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.

उलट बाजूही वाईट आहे. रंगाला घाबरून औषध परस्पर बंद केलं, तर थरातले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. जोडीतली दुसरी गोळी तेवढी सोडली, तर एकट्या रिफाम्पिसिनला ते फार लवकर दाद देईनासे होतात. आणि मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं, तर थंडीताप भरू शकतो, कधी प्लेटलेट आणि मूत्रपिंडापर्यंत प्रकरण जातं.

राहिला उसाचा रस. सासूबाईंना मधुमेह. रिफाम्पिसिन साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं (रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचाही) आणि लिव्होफ्लॉक्सासिननं साखर वर किंवा खाली, कुठेही जाऊ शकते. त्यात हा लोटाभर गोडवा. शेजारच्या काकूंचं मन मोडवेना, म्हणून रस ठेवून घेतला आणि दार लावल्यावर मीच प्यायले. आलं जरा जास्त होतं.