प्लास्टिकचे तंतू सळईची जागा घेत नाहीत
काँक्रीटमध्ये प्लास्टिकचे तंतू मिसळले की स्लॅबमधली सळई कमी केली तरी चालते, हा सोलापुरातल्या बांधकामांवर वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज चुकीचा आणि धोकादायक आहे. पोलादाचा प्रत्यास्थता गुणांक (ओढले असता न लांबण्याचा ताठपणा) सुमारे २०० गिगापास्कल, तर या तंतूंच्या प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, त्याच्या काही टक्केच असल्याने, घनमीटरमागे साधारण ९०० ग्रॅम घातलेले केसासारखे बारीक तंतू स्लॅबमधला ताण पेलू शकत नाहीत. दाब सोसण्याची क्षमताही फारशी बदलत नाही. त्यांचे खरे काम पहिल्या काही तासांचे असते: मे महिन्याच्या उन्हात वरचे पाणी झपाट्याने उडून ओल्या पृष्ठभागावर पडणाऱ्या भेगा ते आवरतात. पुढे पाणी मारणे मात्र चुकत नाही. तंतूंमुळे माल घट्ट वाटतो म्हणून मिक्सरमध्ये जादा पाणी ओतले, तर काँक्रीटची मूळ ताकदच घटते.