शिसपेन्सिलीतली माती

पेन्सिल बाकावरून फरशीवर पडली की वरून काहीच कळत नाही. लाकूड शाबूत असतं, बरेचदा टोकही शाबूत असतं. मग लिहिता लिहिता टोक बोथट होतं, आपण शार्पनर घेतो आणि शिस गळून पडतं. पुन्हा टोक करावं, पुन्हा गळतं. शाळेत एक नवी पेन्सिल मी अशी अर्धी तासून संपवली होती आणि सगळा राग शार्पनरवर काढला होता. शार्पनर बिचारा निर्दोष होता. पडल्याबरोबर लाकडाच्या आत शिस तीन-चार ठिकाणी तडकलं होतं, हातातून निसटलेली पणती तडकते तसं. आणि पणतीची आठवण इथे अगदी योग्य आहे, कारण पेन्सिलीचं शिस हे खरोखरच भट्टीत भाजलेल्या मातीचं असतं. ही माती तिथे आणून बसवली एका फ्रेंच माणसाने, १७९४-९५ च्या सुमारास. निकोला-जाक कोंते त्याचं नाव.

माती म्हणतो आहे, मग शिसं कुठे गेलं? ते तिथे कधी नव्हतंच. मराठीत आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, कारण नुसती ‘पेन्सिल’ म्हटलं की आधीच्या पिढ्यांना पाटीवरची पेन्सिल आठवायची. इंग्रजीतही तिला शिशाचीच पेन्सिल म्हणतात. नावातली ही चूक जुनी आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलँडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात एक काळाकुळकुळीत, मऊ, हाताला गुळगुळीत लागणारा खनिज सापडला. आसपासचे मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. दिसायला शिशासारखा, घासला की शिशापेक्षा कितीतरी गडद रेघ उमटवणारा. म्हणून लोक त्याला काळं शिसं म्हणू लागले. तो शुद्ध कर्ब, म्हणजे कार्बन, आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं ते थेट १७७९ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी आब्राहाम वेर्नर या जर्मन भूशास्त्रज्ञाने त्याला ग्रॅफाइट हे नाव दिलं, लिहिणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तोवर लोकांच्या जिभेवर शिसं पक्कं बसलं होतं. ते अजून उठलेलं नाही.

ग्रॅफाइट जगात अनेक ठिकाणी सापडतं, पण बॉरोडेलचं वेगळं होतं. तिथे ते घट्ट, शुद्ध ढेकळांच्या रूपात मिळे, इतकं की करवतीने कापून त्याच्या सरळ कांड्या काढता येत. कांडी लाकडात बसवली की झाली पेन्सिल. तोफगोळे ओतायच्या साच्यांना आतून लावायलाही हेच ग्रॅफाइट लागे, त्यामुळे ते सरकारच्या दृष्टीनेही मोलाचं होतं. चोऱ्या इतक्या वाढल्या की १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून या खाणीतली चोरी हा गंभीर गुन्हा ठरवला. युरोपात चांगली पेन्सिल म्हणजे बॉरोडेलची पेन्सिल, आणि बॉरोडेल म्हणजे एका डोंगरातली एक खाण.

जर्मनीत न्यूरेंबर्गचे कारागीर दुसरी वाट चोखाळत होते. कमअस्सल ग्रॅफाइटची पूड करायची आणि वितळलेल्या गंधकात मिसळून तिच्या कांड्या पाडायच्या. त्या ठिसूळ असत, कागदावर खरखरत. लिहिता येई, पण चित्रकार त्यांना हात लावत नसत.

आणि मग १७९३ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने इंग्लंडशी युद्ध पुकारलं. इंग्रजी ग्रॅफाइट यायचं बंद झालं. पेन्सिलीवाचून काय अडतं, असं आज वाटेल. पण सैन्यातल्या अभियंत्याला घोड्यावर बसून नकाशा काढायचा असतो, तिथे शाईची दौत आणि बोरू घेऊन कुठे फिरणार? फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या सरकारात युद्धाची व्यवस्था पाहणारे लाझार कार्नो स्वतः लष्करी अभियंते आणि गणिती होते. पेन्सिलीचं मोल त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी हे काम कोंतेवर सोपवलं.

कोंतेच का? हा माणूस मुळात चित्रकार. ४ ऑगस्ट १७५५ रोजी नॉर्मंडीतल्या सेए गावाजवळच्या एका खेड्यात शेतकरी कुटुंबात जन्मला. लहान वयातच सेएच्या रुग्णालयातल्या प्रार्थनाघरासाठी त्याने चित्रं रंगवली. पुढे व्यक्तिचित्रं काढून पोट भरू लागला. चित्रं काढता काढता यंत्रं, रसायनं, वायू यांचा नाद लागला आणि पॅरिसला येऊन तो विज्ञानाची व्याख्यानं ऐकू लागला. क्रांती झाली, तेव्हा व्यक्तिचित्रं काढून घेणारे अमीर-उमराव देश सोडून पळाले. चित्रकाराचं गिऱ्हाईक गेलं, पण नव्या सरकारला कल्पक हातांची नितांत गरज होती.

त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते बलूनचं. शत्रूच्या फौजा वरून पाहता याव्यात म्हणून फ्रेंच सैन्याला हायड्रोजनचे बलून हवे होते. हायड्रोजन तयार करायची तेव्हाची सोपी रीत म्हणजे लोखंडावर गंधकाम्ल ओतणे. पण गंधक लागत होतं बंदुकीच्या दारूला, त्यामुळे ते वापरायला मनाई. मग लाल तापवलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ नेऊन हायड्रोजन काढायचा, ही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने प्रयोगशाळेत दाखवलेली रीत मोठ्या भट्ट्यांवर आणली गेली. २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंचांचा बलून कित्येक तास आकाशात होता. पॅरिसजवळ म्यूदाँला बलूनची शाळा आणि कार्यशाळा निघाली, तिचा प्रमुख कोंते. तिथेच वायूंवर प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्याचा डावा डोळा गेला. त्याचा चेहरा दाखवणाऱ्या चित्रांत त्या डोळ्यावर पट्टी दिसते. चित्रकाराचा एक डोळा जाणं म्हणजे काय, याचा विचार करताना मला फार वेळ थांबावं लागतं. तो मात्र थांबला नाही.

तर अशा माणसापुढे पेन्सिलीचा प्रश्न आला. त्याने तो आठ दिवसांत सोडवला अशी आख्यायिका आहे. मला त्या आठ दिवसांपेक्षा त्यांच्या आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. रंग खलून खलून कोणती रेघ हाताला कशी लागते हे कळलेलं, वर भट्ट्यांची सवय. धातू वितळवायच्या मुशी ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र करून युरोपात आधीपासून बनत होत्या. मूस तापली की आणखी टणक होते. तीच जोडी बारीक कांडीत आणली तर? सुचल्यावर सोपं वाटतं. तोवर सुचत नाही.

त्याची कृती कुंभाराला लगेच कळेल अशी आहे. चिकणमाती भरपूर पाण्यात कालवायची. जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वर तरंगणारा अगदी बारीक गाळ तेवढा घ्यायचा. ग्रॅफाइटची पूड तितकीच बारीक करायची. दोन्ही पाण्यात मिसळून पुन्हा पुन्हा दळायचं आणि कणकेसारखा लगदा झाला की चर पाडलेल्या फळीवर दाबून कांड्या करायच्या. लाकडाने लगद्यातलं पाणी शोषू नये म्हणून फळी आधी चरबीत उकळलेली. कांड्या सुकल्या की बंद मुशीत ठेवून भट्टीत. मूस बंद असायला हवी, कारण तापलेल्या ग्रॅफाइटला हवा लागली तर ते कोळशासारखं जळून जातं. भाजलेल्या कांड्यांना शेवटी मेण किंवा चरबी पाजायची, म्हणजे त्या कागदावर सरकतात.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. ग्रॅफाइटमध्ये कर्बाचे अणू मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात. अशा सपाट जाळ्यांची थप्पी म्हणजे ग्रॅफाइट. एका जाळीतल्या शेजारच्या अणूंमधलं अंतर सुमारे ०.१४ नॅनोमीटर, तर दोन जाळ्यांमधलं सुमारे ०.३४ नॅनोमीटर. जाळीतल्या अणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले. वरच्या-खालच्या जाळ्यांत मात्र नुसती जवळीक. जरा घासलं की थर सुटतो. कागद आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण भिंगाखाली तो धाग्यांचं रान दिसतो. त्यावरून शिस फिरलं की कानशीवर घासल्यासारखे ग्रॅफाइटचे कपचे निघतात आणि धाग्यांत अडकून राहतात. रेघ म्हणजे हे कपचे. शाई धाग्यांत मुरते, हे मुरत नाहीत, म्हणून खोडता येतात. (खोडरबर यायच्या आधी लोक पावाचा मऊ गर चोळून खोडत. रबराने पेन्सिल पुसता येते ही नोंद इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० मध्ये केली.)

पण ग्रॅफाइटची पूड झाली की तिला धरून ठेवणारं काही राहत नाही. गंधकाने ते काम अर्धवट केलं. मातीने पुरतं केलं, कारण चिकणमातीचे कणही पातळ चकत्यांसारखे असतात. ओल्या लगद्यात ते ग्रॅफाइटच्या कणांभोवती बसतात आणि भट्टीत एकमेकांना कायमचे जोडले जाऊन एक टणक जाळं तयार करतात. त्या जाळ्याच्या पोकळ्यांत ग्रॅफाइट अडकलेलं. लिहिताना ते थोडं थोडं सुटतं.

आणि इथे कोंतेच्या हाती असं काही लागलं, जे बॉरोडेलच्या मालकांकडेही नव्हतं. माती वाढवा, जाळं घट्ट होतं, ग्रॅफाइट कमी सुटतं, रेघ फिकट आणि बारीक. माती कमी करा, रेघ काळी आणि मऊ. खाणीतून निघालेल्या ढेकळाचा कठीणपणा निसर्गाने ठरवलेला. कोंतेच्या कांडीचा कठीणपणा कारागीर ठरवणार. माझ्या मते त्याचा खरा शोध हाच. इंग्रजी मालाला पर्याय द्या, एवढंच सरकारने मागितलं होतं. त्याने दिली ती एक मोजपट्टी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी आपली मुलं दुकानात जाऊन टू-बी, फोर-बी, सिक्स-बी मागतात, ती या मोजपट्टीवरची घरं आहेत. अक्षरं नंतर आली (एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक), प्रमाणाची कल्पना तीच राहिली. आपल्या नेहमीच्या एचबी पेन्सिलीत ढोबळमानाने दोन भाग ग्रॅफाइट आणि एक भागापेक्षा थोडी कमी माती असते, बाकी मेण.

जानेवारी १७९५ मध्ये कोंतेला पेटंट मिळालं आणि कारखाना सुरू झाला. त्याच दशकात व्हिएन्नात योझेफ हार्टमुट यांनीही ग्रॅफाइट-मातीची वाट धरली. त्यांच्या वंशजांच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सर्वांत उंची पेन्सिलीला ‘कोहिनूर’ नाव दिलं. हिरा आणि ग्रॅफाइट, दोन्ही निव्वळ कर्ब! इतकं समर्पक नाव एखाद्या वस्तूला क्वचितच मिळतं. कोंतेच्या नावाने चित्रकारांच्या काळ्या आणि तांबूस खडूच्या कांड्या पुढे प्रसिद्ध झाल्या. कलाशाळेतले विद्यार्थी त्यांना आजही काँटे म्हणूनच ओळखतात.

कारखाना काढून तो शेठजी होऊन बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर तो इजिप्तला निघाला. मोहिमेत दीडशेहून अधिक विद्वान आणि कारागीर होते. १ ऑगस्टला ब्रिटिशांनी अबुकीरच्या उपसागरात फ्रेंच आरमार बुडवलं आणि फ्रान्सशी संबंध तुटला. ऑक्टोबरमध्ये कैरोत उठाव झाला, त्यात मोहिमेची बरीच उपकरणं नष्ट झाली. पुन्हा तीच परिस्थिती, बाहेरून काही येणार नाही. कोंतेने कैरोत कार्यशाळा उभारल्या. अवजारंसुद्धा आधी बनवावी लागली, मग त्या अवजारांनी यंत्रं, यंत्रांनी वस्तू: पिठाच्या गिरण्या, सैन्यासाठी कापड, तलवारी, शस्त्रक्रियेची हत्यारं, दुर्बिणींसाठी भिंगं. सगळी शास्त्रं याच्या डोक्यात आणि सगळ्या कला याच्या हातात, असं त्याच्याबद्दल म्हटलं जाई. ज्यांच्या देशात हे घडत होतं त्यांच्यासाठी ही परक्यांची स्वारी होती, हेही विसरता येत नाही. त्या तलवारी त्यांच्यावरच चालणार होत्या.

परतल्यावर इजिप्तच्या प्रचंड सचित्र ग्रंथाची जबाबदारी त्याच्याकडे आली. तांब्याच्या शेकडो पत्र्यांवर चित्रं कोरायची होती, आणि नुसतं आकाश दाखवायचं तरी बारीक समांतर रेघा हाताने ओढण्यात कोरणाऱ्याचे महिनोन् महिने जात. कोंतेने त्यासाठी एक यंत्र बनवलं. ते रेघा ओढी, त्यांच्यातलं अंतर हळूहळू कमी-जास्त करी, त्यामुळे आकाश क्षितिजाकडे आपोआप उजळत जाई. गडद आणि फिकट यांचं प्रमाण ताब्यात ठेवायची हीच हातोटी त्याने पेन्सिलीत मातीने साधली होती.

६ डिसेंबर १८०५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, पॅरिसमध्ये तो गेला. पत्नी थोडी आधी वारली होती. पेन्सिलीचा कारखाना पुढे जावई आर्नू आँब्लो यांनी सांभाळला, त्यांनी आपल्या नावाला कोंते हे नाव जोडून घेतलं. इजिप्तवरचा ग्रंथ १८०९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात मंदिरांची, स्तंभांची भव्य चित्रं आहेत, आणि त्यांच्याबरोबर कैरोच्या कारागिरांचीही आहेत: आपापल्या कामात गढलेली साधी माणसं, त्यांची अवजारं, अवजार धरलेली त्यांची बोटं. यांतली अनेक चित्रं कोंतेने स्वतः, एका डोळ्याने पाहून काढलेली आहेत.