पिवळ्या लॉनला नेमकी कशाची भूक?

लॉन पिवळं पडायला लागलं की माळी हमखास म्हणतो, "साहेब, डीएपी टाकू या." शेतात डीएपीचा, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताचा, दबदबा आहे आणि तो रास्तही आहे. हिरवळीसाठी मात्र ही निवड बहुतेक वेळा चुकते, आणि का ते पोत्यावरचे आकडेच सांगतात.

डीएपीवर १८:४६:० छापलेलं असतं. म्हणजे १०० किलो खतात १८ किलो नत्र (नायट्रोजन), ४६ किलो स्फुरद (P₂O₅ या रूपात मोजलेला फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) अजिबात नाही. शेतकऱ्याला दाणा हवा असतो, आपल्याला फक्त पातं. हरळीच्या, म्हणजे लॉनच्या गवताच्या, पात्यात फॉस्फरसच्या साधारण दहापट नत्र असतं आणि दर कापणीला तेच बाहेर जातं. म्हणून लॉनचं खत निवडताना पहिला आकडा मोठा हवा. हजार चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो युरिया टाकला, तर त्यातून २३० ग्रॅम नत्र मिळतं. तेवढंच नत्र डीएपीतून द्यायचं तर पावणेतेराशे ग्रॅम खत लागेल, आणि त्याबरोबर जवळपास ५९० ग्रॅम स्फुरद नको असताना जमिनीत जाईल. ते पाण्याबरोबर फारसं वाहून जात नाही, वर्षानुवर्षं साचत राहतं.

पण पिवळेपणा दरवेळी नत्राच्या कमतरतेचाच असतो असंही नाही. लॉनमध्ये गुडघे टेकून बसा आणि एक काडी मुळापासून उपटून बघा. खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल, तर नत्र कमी पडतंय. नत्र तुटपुंजं झालं की वनस्पती जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देते. उलट, शेंड्याची कोवळी पानं फिकट, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशा बारीक रेघा दिसल्या, तर लोहाची कमतरता समजा. लोह एकदा पानात बसलं की तिथून सहज हलत नाही, म्हणून उपासमार नव्या पानाची होते.

आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे फार दिसतं. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की ते विरघळत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा जागी डीएपी ओतलं तर जादा स्फुरद लोहाच्या शोषणात आणखी अडथळा आणतं. पिवळेपणा घालवायला टाकलेलं खतच तो वाढवतं, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. चुनखडीच्या जमिनीत नत्रासाठी अमोनियम सल्फेट अधिक बरं. त्यात नत्र २० टक्क्यांच्या आसपासच असतं, त्यामुळे युरियाच्या दुपटीहून थोडं जास्त टाकावं लागतं, पण ते मुळाभोवतीची माती थोडी आम्लधर्मी करतं.

युरिया टाकायचाच असेल तर पानं कोरडी असताना फेकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावं. पात्यावर चिकटलेले दाणे पानातलं पाणी ओढून घेतात आणि करपल्याचे डाग पडतात. नुसता वर पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि चुनखडीच्या जमिनीत हे जास्तच होतं. थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा नत्राला हात लावू नये. शेणखत चांगलं, पण पूर्ण कुजलेलं हवं, नाहीतर खताबरोबर तणांचं बीही येतं.

तरीही नक्की कळत नसेल तर एका कोपऱ्यात थोडा युरिया टाका, दुसऱ्या कोपऱ्यावर हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) फवारा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, ऊन उतरल्यावर. आठवडाभरात कोणता कोपरा हिरवा होतो ते बघा आणि मगच पोतं आणा. हिराकस फवारताना शेजारच्या फरशीवर प्लास्टिक अंथरा, कारण त्याचे तांबूस डाग सहजासहजी निघत नाहीत.