उद्योग-महाविद्यालय भागीदारीतील कामगार प्रशिक्षण

कामावर असलेल्या किंवा नव्याने भरती झालेल्या माणसांना लागणारे कौशल्य कारखाना आणि महाविद्यालय यांनी वाटून शिकवण्याची पद्धत. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने दुहेरी प्रशिक्षणाला (कारखान्यात काम आणि जोडीला शाळेत शिक्षण) देशभर एकच चौकट मिळाली. मात्र तेथे कारखान्याचा जोडीदार मुख्यतः व्यवसाय शाळा असते. भारतात शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे.

कामाची सुरुवात अभ्यासक्रमापासून नव्हे, कौशल्य तक्त्यापासून होते. आडव्या ओळीत कामगार, उभ्या रकान्यांत कामे, आणि प्रत्येक चौकटीत नोंद: येत नाही, देखरेखीखाली येते, स्वतंत्रपणे येते, दुसऱ्याला शिकवता येते. तक्ता पर्यवेक्षकाने मशीनपाशी उभे राहून भरावा. कार्यालयात बसून भरलेल्या तक्त्यात सगळ्यांनाच सगळे येत असते.

त्यानंतर एकेका कामाची फोड केली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमाने पायरी आणि कळीचा मुद्दा अशा दोन रकान्यांचा कागद रुळवला. कारणाचा रकाना नंतर जोडला गेला आणि तो तीन रकान्यांचा कागद आजही चालतो: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. मायक्रोमीटर या बारीक मापे घेण्याच्या उपकरणाचे उदाहरण घेतल्यास, ‘रॅचेट (दाब मर्यादित ठेवणारी टोकाची घुंडी) फिरवून जबडे टेकवा’ ही पायरी. ‘थिंबल (फिरणारी नळी) थेट पिळू नका’ हा मुद्दा. दाब जास्त पडून माप खऱ्यापेक्षा कमी दिसते, हे कारण. पुढची पायरी वाचनाची. नेहमीच्या मेट्रिक मायक्रोमीटरचे थिंबल एका फेऱ्यात ०.५ मिमी सरकते आणि त्यावर ५० भाग असतात, म्हणून लघुतम माप ०.०१ मिमी. स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) ७ मिमीच्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली असेल आणि थिंबल २८ वर असेल, तर माप ७.७८ मिमी. ती रेघ नजरेतून सुटली की तेच ७.२८ वाचले जाते आणि चांगला जॉब (घडवलेला भाग) भंगारात जातो. शिकवण्याचा क्रमही ठरलेला आहे: शिकणाऱ्याची तयारी करणे, करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि नंतर पुन्हा येऊन पाहणे. घाईत शेवटचा टप्पा हमखास गळतो.

हाच कागद वाटणीचा पाया ठरतो. रेखाचित्र वाचन, मोजमाप, विजेची मूलतत्त्वे यांसारखे कुठेही उपयोगी पडणारे भाग महाविद्यालयाने घ्यावेत. विशिष्ट मशीन, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) आणि कारखान्यातील सुरक्षा नियम कारखान्याने. सीएनसीचा (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा) कंट्रोलर दोन्हीकडे वेगळ्या बनावटीचा असेल, तर पडद्यावरील मांडणी आणि कित्येक कोड बदलतात. मग शिकून आलेला ऑपरेटर पहिल्याच पाळीत अडतो आणि खापर मात्र शिक्षकावर फुटते. शिक्षकांनी वर्षातून काही दिवस शॉप फ्लोअरवर काढणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. तो कराराच्या मसुद्यात असतो, वेळापत्रकात क्वचितच.

भागीदारी बहुधा पैशावरून मोडत नाही, माणूस मोकळा करण्यावरून मोडते. महिनाअखेरीस उत्पादनाचा ताण आला की पर्यवेक्षक आधी प्रशिक्षणार्थ्यालाच परत बोलावतो. रात्रपाळी संपवून आलेल्यांना सकाळी वर्गात बसवणेही व्यर्थच. बदली कामगार कोण, प्रशिक्षणाचे तास पगारी की बिनपगारी, उमेदवाराला स्वतंत्रपणे मशीनवर कधी सोडायचे, हे करारातच लिहावे लागते. नाहीतर शिकाऊ म्हणजे स्वस्त मजूर होतो.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या वापरतात: प्रतिसाद, शिकणे, कामातील बदल, परिणाम. बहुतेक ठिकाणी अभिप्रायाचा फॉर्म भरून पहिल्या पातळीवरच काम आटोपते. तिसरी पातळी तपासायची तर काही आठवड्यांनी त्याच माणसाला त्याच मशीनवर, तोच तीन रकान्यांचा कागद हातात घेऊन पाहावे लागते, आणि चौथीसाठी प्रशिक्षणाआधीच्या भंगाराची नोंद जपून ठेवावी लागते.