लहान मुलांतलं किडनी प्रत्यारोपण : दीर्घकालीन परिणाम

मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या की आईवडिलांची किंवा ब्रेनडेड (मेंदू कायमचा बंद पडून मृत घोषित झालेल्या) दात्याची किडनी बसवतात. ही नोंद ऑपरेशनची नाही, त्यानंतरच्या वर्षांची आहे.

मोठ्यांच्या किडन्या जास्त करून डायबेटिस नि बीपीने जातात, मुलांचं तसं नसतं, बऱ्याच जणांत किडनी किंवा मूत्रमार्गाची घडणच जन्मापासून बिघडलेली असते, काहींना एफएसजीएससारखा नेफ्रोटिक आजार (किडनीच्या गाळण्या खराब होऊन लघवीतून प्रोटीन जाणं) असतो. हे कारण महत्त्वाचं, कारण घडणीतला दोष नव्या किडनीत येत नाही (मूत्राशय खराब असेल तर त्याचा इलाज मात्र आधी करावा लागतो), पण एफएसजीएस साधारण तीनातल्या एका मुलात नव्या किडनीतही परत येतो, कधी तर काही तासांतच. आजार जनुकीय असेल तर ही भीती खूप कमी, म्हणून जनुकीय तपासणी आधी करून घेतलेली बरी.

१९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते हुबेहूब (एकाच बीजाच्या) जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराने किडनी नाकारायचा प्रश्नच आला नाही. बाकीच्यांचं चित्र पालटलं ते १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आल्यावर, आता बहुतेक मुलं टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या तशाच औषधांवर आणि थोड्या स्टेरॉइडवर असतात. आज चांगल्या सेंटरमध्ये १० वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त मुलं हयात असतात. मूल मात्र किडनीपेक्षा जास्त जगतं, ही गोष्ट आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. एक किडनी सरासरी १२ ते १५ वर्षं चालते, जिवंत दात्याची त्याहून जास्त, म्हणजे पाचव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलीला विशी-पंचविशीत दुसरी लागू शकते, आणि पहिल्या किडनीविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या असतील तर दुसरी जुळणारी मिळणं अवघड होऊन बसतं.

रिपोर्ट वाचताना एक चूक हमखास होते. छोट्या मुलात मोठ्या माणसाची किडनी असते, त्यामुळे क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक, किडनी कमी चालली की वाढतो) ०.३ वगैरे येतं. ते ०.६ झालं तरी लॅबच्या कागदावर नॉर्मलच दिसतं, पण काम जवळपास निम्म्यावर आलेलं असू शकतं! आकडा लॅबच्या रेंजशी नाही, त्याच मुलाच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा.

आजारात खुंटलेली उंची सुधारते, पण सगळी भरून निघत नाही. सहा वर्षांच्या आत प्रत्यारोपण झालेली मुलं जास्त सावरतात, स्टेरॉइड जितकं कमी तितकं बरं. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने इन्फेक्शनचा धोका कायम राहतो आणि ईबीव्ही नावाच्या व्हायरसमुळे लिम्फोमासारखा (लसिका पेशींचा कॅन्सर) आजारही होऊ शकतो. गोवर, कांजिण्यांच्या जिवंत (कमजोर केलेले जिवंत व्हायरस असलेल्या) लशी म्हणूनच ऑपरेशनच्या आधी उरकतात.

सगळ्यात जास्त किडन्या जातात त्या साधारण १७ ते २४ या वयात. तोवर गोळ्या आई देत असते, मग कॉलेज, हॉस्टेल, स्टेरॉइडने चेहरा सुजतो म्हणून लाज, चार डोस चुकले तरी काही होत नाही असं वाटतं (आतल्या आत होत असतं, दुखत मात्र नाही) आणि नेमकं तेव्हाच मुलांच्या डॉक्टरकडून मोठ्यांच्या ओपीडीत पाठवलं जातं, जिथे ओळखीचं कुणी नसतं. हे हस्तांतर एका दिवसात उरकू नये, बारा-तेराव्या वर्षापासून मुलाला स्वतःच्या गोळ्यांची नावं, वेळा, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल कळायला हवी. मुलींना आणखी एक गोष्ट वेळेत सांगावी लागते: पुढे आई होता येतं, पण मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं.