गेम मास्टर
टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या, खेळाच्या गटात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची बाजू सांभाळतो आणि एक जण उरलेले सगळे जग सांभाळतो. या एकाला गेम मास्टर किंवा नुसते ‘जीएम’ म्हणतात. खानावळीचा मालक, वेशीवरचे पहारेकरी, गुहेतला ड्रॅगन या सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो. प्रसंग उभा करून तो विचारतो, “आता तुम्ही काय करता?” खेळाडू सांगतात, ते जमले का आणि पुढे काय घडले हे गेम मास्टर ठरवतो, शंका असेल तिथे फासे टाकले जातात.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम गोष्ट सांगण्याचे वाटते. पण ते घडले पंचाच्या कामातून, आणि त्याचा गाभा आजही निवाड्याचाच आहे. प्रशियाचा लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने 1824 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ नियमांसह छापला. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत. पंच फासे आणि तक्ते वापरून परिणाम काढी आणि ज्या बाजूला जे दिसणे शक्य आहे तेवढेच नकाशावर मांडी. नियम इतके वाढले की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा 1876 मध्ये फेर्दी द्यू व्हेर्नुआ याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या समजुतीवर भिस्त ठेवावी असे सुचवले. नियम मोठा की पंचाचा विवेक मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

या खेळांना आजचे वळण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लागले. डेव्हिड वेस्ली याने 1969 मध्ये नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक डाव मांडला. सेनापतींखेरीज गावातील इतर माणसांच्या भूमिकाही त्याने खेळाडूंना वाटल्या. ठरलेली लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू आपसांत कारस्थाने करू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्यासाठी नियम नव्हता. वेस्लीला जागच्या जागी तो ठरवावा लागला. डाव फसला असे त्याला वाटले, खेळाडूंना मात्र तसाच आणखी एक हवा होता. नियमात नसलेली गोष्टही खेळाडूला करून पाहू द्यायची आणि निकाल पंचाने द्यायचा, हे सूत्र गेम मास्टरच्या कामाचा पाया आहे.

त्याच गटातील डेव्ह आर्नेसन याने ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात पुढचे डाव चालवले. 1972 मध्ये त्याने ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्स याला दाखवले. दोघांच्या कामातून 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग खेळ बाजारात आला. त्या पहिल्या पुस्तिकांमध्ये या भूमिकेचे नाव ‘रेफरी’ असेच होते. ‘डंजन मास्टर’ हे नाव काही काळाने रुळले आणि 1979 मध्ये त्या नावाचे स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक निघाले. इतर खेळांत नावे वेगळी आहेत : ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये गेम मास्टरला ‘कीपर’ म्हणतात, ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’मध्ये ‘स्टोरीटेलर’.

निवाडा प्रत्यक्षात कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, पाठलाग करणाऱ्या शिपायांना अडवण्यासाठी एका खेळाडूला जिन्यावर दिव्याचे तेल ओतायचे आहे. पुस्तकात हे कुठेच नाही. गेम मास्टर आधी विचार करतो की तेल पुरेसे आहे का, ओतायला वेळ आहे का. काम उघड सोपे असेल तर फासा टाकायची गरजच नाही. अशक्य असेल तर तसे सांगावे. मधल्या अवस्थेत तो अवघडपणा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत मध्यम कामासाठी गाठायचा आकडा 15 आहे. पात्राच्या कौशल्याचे 5 मिळत असतील तर वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा अधिक पडावे लागते, म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. फासा हातातून सुटण्याआधी हा आकडा आणि फसल्यास काय होईल हे खेळाडूला कळले, तर निकाल विरुद्ध गेला तरी तो मान्य होतो. आज तेलावरून शिपाई घसरले, तर पुढच्या वेळी त्याच युक्तीने खेळाडूंची पात्रेही घसरली पाहिजेत.

गेम मास्टरच्या पुढ्यातील पडद्याआड पडलेला फासा गुपचूप बदलावा का, यावर गेम मास्टरांमध्ये जोराचे मतभेद आहेत. आवडते पात्र किरकोळ झटापटीत मरू नये म्हणून काही जण आकडा झाकतात. हेतू चांगला असला तरी त्याची किंमत मोठी आहे : एकदा संशय आला की नंतरचा प्रत्येक विजय खेळाडूंना दान दिल्यासारखा वाटतो. मरण नको असेल तर ते फासा टाकण्याआधी उघडपणे ठरवणे हाच सरळ मार्ग. खेळाडूंनी काहीही निवडले तरी गोष्ट आधी ठरलेल्या रुळांवरूनच नेणे, ज्याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात, हा त्याच जातीचा दोष आहे. तयारी करावी ती माणसांची, ठिकाणांची आणि त्यांच्या हेतूंची. शेवट मोकळा ठेवावा. मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारा सलग खेळ, सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून कोणते विषय नकोत हे ठरवण्याची ‘सेशन झिरो’ची पद्धतही आता बऱ्याच गटांत आहे.

नंतरच्या काही खेळांनी हा अधिकार मुद्दाम आखून दिला. 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये गेम मास्टर स्वतः फासे टाकतच नाही. खेळाडूच्या दोन फाशांची बेरीज, पात्राचा गुण धरून, 6 किंवा कमी आली की पुढची चाल गेम मास्टरची, आणि ती कोणत्या प्रकारची असू शकते हे पुस्तकात दिलेले आहे. 2009 च्या ‘फियास्को’मध्ये तर गेम मास्टर नाहीच. तिथे एखाद्या खेळाडूने आपला प्रसंग स्वतः मांडला, तर तो चांगला संपणार की वाईट हे बाकीचे सगळे मिळून ठरवतात आणि त्याप्रमाणे पांढरा किंवा काळा फासा त्याच्या हाती देतात.