सनबोर्ड

सनबोर्ड म्हणजे फलक, प्रदर्शने आणि सजावट यांसाठी वापरली जाणारी, आतून सच्छिद्र असलेली, वजनाला हलकी पण ताठ प्लास्टिकची शीट. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, वितळलेले असताना त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून ती तयार करतात. महाराष्ट्रातील छपाईच्या आणि फलकांच्या व्यवसायात तिला सर्रास सनबोर्ड म्हणतात. फोम शीट किंवा पीव्हीसी बोर्ड ही नावेही चालतात. युरोपात फोरेक्स व फोमेक्स आणि अमेरिकेत सिंट्रा या व्यापारी नावांनी याच जातीचा माल ओळखला जातो. रुग्णालयातील विभागदर्शक पाट्या, दुकानातील दरपत्रके, विज्ञान प्रदर्शनातील तक्ते, लग्नमंडपाच्या दारातील स्वागतफलक, बक्षीस समारंभात विजेत्याच्या हाती दिला जाणारा भलामोठा धनादेश आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची प्रतिकृती अशा अनेक ठिकाणी ती दिसते.

घडण व गुणधर्म : भरीव पीव्हीसीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.४ ग्रॅम असते, तर फलकांसाठीच्या सनबोर्डची घनता सर्वसाधारणपणे ०.४५ ते ०.७ ग्रॅमच्या दरम्यान राहते. याचा अर्थ शीटच्या एकूण आकारमानापैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग वायूने व्यापलेला असतो. ही छिद्रे एकमेकांपासून बंद असल्यामुळे शीट पाणी शोषत नाही, ओलीने फुगत नाही आणि तिला वाळवीही लागत नाही. कोकणातल्या दमट हवेत प्लायवूडच्या किंवा पुठ्ठ्याच्या पाटीचे जे हाल होतात ते हिचे होत नाहीत. बाजारात ८ × ४ फुटांची शीट सर्वाधिक चालते. या मापाच्या ५ मिमी जाडीच्या सनबोर्डचे वजन ०.५५ घनता धरल्यास सुमारे ८ किलो भरते, तर तेवढ्याच ॲक्रिलिक शीटचे वजन साडेसतरा किलोच्या पुढे जाते. शिडीवर चढून, एका हाताने पाटी भिंतीला टेकवून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळणाऱ्या माणसासाठी हा फरक निर्णायक असतो.

हलकेपणासोबत ताठपणा कसा टिकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. शीट वाकण्याला किती विरोध करते हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते, म्हणजे जाडी दुप्पट झाली की तो विरोध आठपट होतो. प्लास्टिक तेवढेच ठेवून त्यात वायू मिसळला तर ते अधिक जाडीत पसरते. सच्छिद्रतेमुळे पदार्थाची स्वतःची ताकद घटत असली, तरी वाढलेली जाडी ती घट भरून काढते. त्यामुळे एकाच वजनाच्या दोन शीटपैकी सच्छिद्र शीट भरीव शीटपेक्षा कमी वाकते.

निर्मिती : सूर्यप्रकाशात ठेवलेल्या व्हिनाइल क्लोराइडपासून पांढरा घन पदार्थ तयार होतो, हे ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये नोंदवले होते, मात्र या पदार्थाला औद्योगिक रूप विसाव्या शतकात मिळाले. सनबोर्डसाठी पीव्हीसीच्या भुकटीत कॅल्शियम कार्बोनेट, पांढरेपणासाठी टिटॅनियम डायऑक्साइड, उष्णतेने होणारे विघटन रोखणारी स्थिरके आणि वायू निर्माण करणारे रसायन मिसळतात. असे रसायन म्हणून ॲझोडायकार्बनमाइड किंवा सोडियम बायकार्बोनेट वापरतात. हे मिश्रण तापलेल्या यंत्रात मळले जाऊन दाबाखाली सपाट मुखातून बाहेर पडते आणि दाब सुटताच त्यातील वायू प्रसरण पावतो. वितळलेल्या पीव्हीसीला पुरेसा चिवटपणा नसेल तर बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळतात, म्हणून ॲक्रिलिक जातीचे साहाय्यक द्रव्य घालावे लागते.

पुढची प्रक्रिया दोन प्रकारची असते. मुक्त फुगवणीत शीट मुखातून बाहेर आल्यावर बाहेरच्या दिशेने फुगते आणि रुळांमधून नेऊन तिची जाडी नेमकी केली जाते. तिचा पृष्ठभाग मऊसर आणि मंद चकाकीचा असतो. फ्रान्समधील उजीन-कुलमान या कंपनीने विकसित केलेल्या सेलुका पद्धतीत शीटचा बाहेरचा थर लगेच थंड करून गोठवतात, त्यामुळे फुगवणी आतल्या बाजूला होते आणि पृष्ठभागावर टणक साल तयार होते. सेलुका शीट स्क्रू चांगला धरते, म्हणून ती स्वयंपाकघरातील कपाटे व पार्टिशन यांकडे अधिक जाते. छपाईच्या कामासाठी मुक्त फुगवणीची ३ ते ५ मिमी शीट पुरेशी ठरते.

छपाई व चिकटकाम : सनबोर्डवर मजकूर आणण्याचे दोन मार्ग आहेत. अतिनील किरणांनी तत्काळ सुकणारी शाई वापरणाऱ्या सपाट यंत्रावर शीट ठेवून तिच्यावर थेट छापता येते. लहान गावांतील आणि मध्यम दुकानांतील रूढ पद्धत मात्र व्हिनायलवर, म्हणजे मागे गोंद असलेल्या पीव्हीसीच्या पातळ फिल्मवर, छापून ते शीटवर चिकटवण्याची आहे. सॉल्व्हंट शाईने छापलेल्या व्हिनायलमधील द्रावक उडून जाण्यासाठी ते साधारण एक दिवस मोकळे ठेवावे लागते. घाईने त्यावर लॅमिनेशन, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, चढवल्यास आत कोंडलेले द्रावक गोंद मऊ करते आणि काही दिवसांत कडा सुटू लागतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्री मागितलेल्या कामांमध्ये हा दोष हमखास आढळतो, आणि त्याचे खापर विनाकारण शीटवर फुटते.

हाताने व्हिनायल चढवणे हे कौशल्याचे काम आहे. मागचा कागद एका कडेला दोन बोटे सोलून तेवढी पट्टी शीटवर सरळ बसवतात, मग एका हाताने कागद खाली ओढत दुसऱ्या हाताने स्क्वीजी, म्हणजे दाब देऊन हवा बाहेर काढणारी पट्टी, मध्यापासून कडांकडे फिरवत नेतात. सुरुवातीची पट्टी किंचित तिरकी बसली तर आठ फुटांच्या टोकाला तो तिरकेपणा बोटभर होतो आणि ताणून सरळ करण्याच्या नादात सुरकुती पडते. शीटवर धूळ राहून चालत नाही. सनबोर्डवर स्थिर विद्युत साचत असल्यामुळे कापल्यानंतरचा भुसा तिला सहज चिकटून बसतो आणि चकचकीत लॅमिनेशनखाली त्याचा कण न् कण पुटकुळीसारखा उठून दिसतो.

कापणी व देवनागरी अक्षरे : पातळ शीट पोलादी पट्टी लावून कटरने कापता येते. एकाच दमात आरपार कापण्याचा प्रयत्न केला तर पाते आत तिरके जाते. दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापलेली कडा सरळ येते. नक्षी आणि अक्षरे यांसाठी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाने चालणारे कोरणीयंत्र, वापरतात. ॲक्रिलिक व एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापण्याचे लेसर यंत्र सनबोर्डला लावणे धोक्याचे आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, वाटा क्लोरीनचा असतो, त्यामुळे ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असून यंत्राच्या धातूच्या भागांनाही गंज चढवतो. थर्माकोल कापण्याची तापलेली तारही याच कारणासाठी येथे वापरू नये.

मराठी पाट्यांच्या संदर्भात सनबोर्डचे एक वैशिष्ट्य स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगे आहे. रोमन लिपीतील शब्द कोरून काढला की प्रत्येक अक्षर सुटे होते आणि ते भिंतीवर ओळीत व समान अंतरावर बसवावे लागते. देवनागरीत शिरोरेखेमुळे संपूर्ण शब्द एकसंध तुकडा म्हणून निघतो. वेलांटी, मात्रा आणि उकार त्याला जोडलेलेच राहतात. सुटा राहतो तो अनुस्वार. ‘आनंद’ किंवा ‘मंगल’ अशा शब्दांतील ते टिंब वेगळे चिकटवावे लागते आणि बसवताना सर्वांत आधी हरवते तेच. म्हणून जाणकार कारागीर मूळ शीटचा उरलेला साचा जपून ठेवतात, तो भिंतीवर धरतात आणि टिंब नेमके जागेवर बसवून मग साचा काढून घेतात. राउटरचे पाते गोल असल्यामुळे त्याच्या व्यासापेक्षा अरुंद फट त्याला कोरता येत नाही. ३ मिमी पात्याने लहान आकारात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ कोरायला घेतले तर आतील पोकळ्या बुजतात किंवा कोपरे बोथट होतात. पडद्यावर सुबक दिसणारा बारीक रेषेचा फाँट या कामाला उपयोगी नाही. जाड, मोकळ्या पोकळ्यांचे वळण निवडल्यास अक्षर लांबूनही वाचता येते आणि शिरोरेखाही मोडत नाही.

महाराष्ट्रात या कामाची मागणी वाढण्यामागे कायद्याचाही वाटा आहे. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेने, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसह सर्व आस्थापनांवर देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असेही ठरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. जुना फलक न उतरवता त्यावर मराठी अक्षरे जोडू पाहणाऱ्या लहान दुकानदारासाठी कोरलेला एकसंध सनबोर्ड शब्द हा सोयीचा उपाय होता. कायद्याची पूर्तता म्हणून कशीबशी चिकटवलेली पाटी आणि वळणाचा विचार करून कोरलेली पाटी यांत फारसा खर्चाचा फरक नसतो, दिसण्यात मात्र पुष्कळ असतो.

उष्णता व मांडणी : सनबोर्डची खरी मर्यादा ऊन ही आहे. पीव्हीसी ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, पण थेट उन्हातील काळ्या किंवा गडद निळ्या पृष्ठभागाचे तापमान त्याहून कितीतरी अधिक चढते आणि शीट बाक धरते. पांढऱ्या पार्श्वभूमीची पाटी त्याच भिंतीवर बराच काळ सरळ राहते. शिवाय तापमानातील प्रत्येक अंशामागे शीट थोडी लांबते. तापमानात ४० अंशांचा चढउतार झाल्यास ८ फूट लांबीत साधारण ६ मिमीचा फरक पडतो. म्हणून स्क्रूसाठीची छिद्रे स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत, खाली वॉशर घालावा आणि आवळणी किंचित सैल राखावी. चारही कोपरे घट्ट आवळलेली पाटी दुपारी मधोमध फुगते ती याच कारणाने. बाहेरच्या, वर्षानुवर्षे टिकायच्या फलकासाठी ॲल्युमिनियमचे थर असलेली एसीपी शीट किंवा धातूचा पत्रा हीच योग्य निवड आहे. सनबोर्ड तेथे केवळ स्वस्त पडते म्हणून लावणे ग्राहकाच्या हिताचे नाही.

शीट साठवण्याची पद्धतही महत्त्वाची असते. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली शीट काही आठवड्यांत कमान धरते, म्हणून ती आडवी ठेवावी. एकाच बाजूला व्हिनायल आणि लॅमिनेशन चढवल्यास दोन बाजूंचा ताण असमान होऊन पातळ शीट वळते. मोठ्या मापात मागेही साधे व्हिनायल लावतात किंवा लाकडी चौकट देतात.

सनपॅक : फलकांच्या बाजारात सनबोर्डसोबत सनपॅक हा प्रकारही मिळतो. ती पॉलिप्रोपिलीनची, दोन पातळ थरांमध्ये उभ्या पन्हळी असलेली पोकळ शीट असते. ती सनबोर्डपेक्षाही हलकी आणि स्वस्त असते व दुमडल्याने सहजी तुटत नाही, त्यामुळे विजेच्या खांबाला बांधायच्या शिकवणीवर्गाच्या जाहिराती आणि मोर्चातील हातफलक तिचेच असतात. मात्र पन्हळीच्या रेषा छपाईतून दिसतात, आणि गुळगुळीत पृष्ठभागामुळे साधा गोंद तिला धरत नाही.

आग व विल्हेवाट : कडक पीव्हीसी ज्वाला दूर केल्यावर सहसा आपोआप विझते, मात्र आगीत सापडल्यास तिच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते. बंदिस्त सभागृहात प्रदर्शन उभारताना बाहेर पडण्याच्या वाटा सनबोर्डच्या कमानींनी व्यापू नयेत, ही दक्षता त्यामुळे आवश्यक ठरते. वापरलेल्या शीटची होळी करणे तर सर्वथा टाळले पाहिजे, कारण उघड्यावर जळणाऱ्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात.

केंद्र सरकारच्या प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आहे. १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ३ मिमीची सनबोर्ड त्याच्या तीसपट जाड असल्याने बॅनरच्या या तरतुदीत येत नाही. नियमात बसते म्हणून एका संध्याकाळच्या वाढदिवसासाठी पूर्णाकृती कटआउट करणे मात्र समर्थनीय नाही, कारण हा पदार्थ मातीत कुजत नाही. पीव्हीसीला पुनर्चक्रीकरणात ३ हा संकेतांक आहे. शीट आणि व्हिनायल दोन्ही मुळात पीव्हीसीच असले तरी त्यांच्यामधील गोंद, शाई आणि मागचा डबल टेप यांमुळे स्वच्छ माल परत मिळवणे कठीण जाते.

त्यापेक्षा पुनर्वापर सोपा आहे. हीट गनने व्हिनायल हलके गरम करून कोपऱ्यापासून सावकाश ओढले की ते निघते आणि त्याच शीटवर नवे चढवता येते. गरम हवा एका जागी फार वेळ धरू नये, नाहीतर शीटच मऊ होते. छापलेली बाजू खराब झाली असेल तर मागची कोरी बाजू वापरता येते. गणेशोत्सव मंडळे, व्याख्यानमाला आणि शाळांची वार्षिक प्रदर्शने यांच्या फलकांवर वर्ष, वार आणि पाहुण्यांची नावे मुख्य छपाईत न घेता वेगळ्या पट्टीवर घ्यावीत आणि ती पट्टी खाचेत सरकवण्याची किंवा वेल्क्रोने लावण्याची सोय ठेवावी. छताखाली लावलेला असा फलक आडवा ठेवून जपल्यास अनेक वर्षे वापरता येतो आणि दरवर्षी बदलावी लागते ती केवळ वीतभर रुंदीची पट्टी.